दोनशे चाळीस दिवसांचा हिशेब

नोकरीला लागून आठ-नऊ महिने झालेल्या माणसाला कामावरून कमी केले की दोन वाक्ये हमखास त्याच्या कानावर पडतात. कंपनीचा मनुष्यबळ अधिकारी म्हणतो, "तुम्ही अजून कायम झाला नव्हता." घरचे म्हणतात, "वर्षसुद्धा झालं नाही, कुठे भांडत बसतोस!" दोघांचे गृहीतक एकच असते: माणूस आधी कायम होतो, मग त्याला हक्क मिळतात.

आपला श्रमकायदा वेगळ्या रीतीने चालतो. नेमणूकपत्रावर 'कायम' लिहिले आहे की 'तात्पुरता', याला त्याच्या लेखी दुय्यम किंमत आहे. तो आधी दिवस मोजतो. काही हक्क पहिल्या दिवशीच लागू होतात. काहींसाठी तीस दिवस भरावे लागतात, काहींसाठी ऐंशी, काहींसाठी दोनशे चाळीस आणि काहींसाठी पाच वर्षे. थोड्या दिवसांच्या नोकरीतही माणूस यांपैकी दोन-तीन पायऱ्या चढलेला असतो, बऱ्याचदा त्याला कल्पना नसताना. अडचण दुसरीकडे आहे. हे दिवस ज्या कागदांवर नोंदले जातात ते मालकाच्या कपाटात असतात. म्हणून या प्रकरणात हक्कांइतकीच चर्चा पुराव्याचीही आहे.

एक खुलासा आधी करायला हवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले, काही मर्यादा बदलल्या. पण दिवस मोजण्याचा मूळ ढाचा कायम राहिला. न्यायालयांनी जुन्या कायद्याचा लावलेला अर्थ समजून घेतल्याशिवाय नवी संहिताही वाचता येत नाही. त्यामुळे पुढे दोन्हींचा उल्लेख येईल.

पहिल्या दिवसापासून

एक दिवस काम केले तरी त्या दिवसाचा पगार बुडवता येत नाही. हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते. "महिना पूर्ण केला नाही म्हणून पगार नाही", "नोटीस दिली नाही म्हणून सगळाच हिशेब अडकवला" हे प्रकार सर्रास चालतात. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातच तरतूद होती की मालकाने कामावरून कमी केल्यास दुसरा कामाचा दिवस संपण्यापूर्वी पगार चुकता करावा. २०१९ च्या वेतन संहितेने ती आणखी रुंद केली. बडतर्फी असो, नोकरकपात असो, आस्थापना बंद पडलेली असो की माणसाने स्वतः राजीनामा दिलेला असो, दोन कामाच्या दिवसांत वेतन दिले पाहिजे. 'फुल अँड फायनल'साठी पंचेचाळीस दिवस थांबायला सांगणे ही कंपन्यांची रीत आहे, कायद्याची नव्हे.

भविष्य निर्वाह निधीही पहिल्या दिवसापासूनच सुरू होतो. निधीच्या निवृत्तिवेतन भागात मात्र पूर्वी एक खाच होती. सहा महिन्यांपेक्षा कमी नोकरी झालेल्याला त्या भागातून काहीच परत मिळत नसे. २०२४ च्या जूनमध्ये केंद्राने योजनेत बदल करून सहा महिन्यांच्या आत नोकरी सुटलेल्यांनाही ती रक्कम काढण्याची मुभा दिली. थोड्या महिन्यांत नोकरी बदलणाऱ्या किंवा गमावणाऱ्या लाखो तरुणांशी हा बदल जोडलेला आहे, पण त्याची चर्चा फारशी झाली नाही.

तिसरी गोष्ट नेमणूकपत्राची. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे. थोड्या दिवसांच्या नोकरीत या पत्रातल्या एका ओळीला फार महत्त्व असते, ती म्हणजे नोटिशीची मुदत. वर्षाच्या आत कमी झालेल्याचे कायदेशीर संरक्षण मर्यादित असते, तेव्हा करारातली नोटीसच त्याच्या कामी येते. पत्रात एक महिना लिहिला असेल, तर मालकाने एक महिन्याची नोटीस द्यावी, नाहीतर महिन्याचा पगार द्यावा. ती अट कर्मचाऱ्याला बांधते, तशीच मालकालाही.

महाराष्ट्रातल्या दुकानांत आणि कार्यालयांत काम करणाऱ्यांनी तर ही ओळ दोनदा वाचावी. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यात कर्मचाऱ्याला थेट संरक्षण होते. तीन महिन्यांहून अधिक पण वर्षापेक्षा कमी नोकरी असेल तर चौदा दिवसांची नोटीस, वर्ष झाले असेल तर तीस दिवसांची. २०१७ च्या कायद्याने तो जुना कायदा रद्द झाला आणि नव्या कायद्यात नोटिशीचे तसे कलम उरले नाही. दुकानातल्या विक्रेत्याला आज चौदा दिवस मागायचे, तर ते त्याच्या नेमणूकपत्रात असावे लागतात.

तीस दिवस आणि ऐंशी दिवस

बोनस हा कायम कामगाराचा मामला आहे, असे बहुतेकांना वाटते. १९६५ च्या बोनस कायद्याची अट मात्र आर्थिक वर्षात किमान तीस कामाचे दिवस भरल्याची होती, आणि वेतन संहितेनेही ती तशीच ठेवली. कायदा लागू असलेल्या आस्थापनेत, वेतनमर्यादेत बसणाऱ्या कामगाराने तीन महिने काम केले आणि त्याला कमी केले, तरी त्या तीन महिन्यांच्या वेतनावर किमान ८.३३ टक्के बोनस त्याचा असतो. चोरी, अफरातफर किंवा कामाच्या जागी हिंसक वर्तन अशा कारणांसाठी बडतर्फ झाला असेल, तर तो अपात्र ठरतो. हा बोनस आर्थिक वर्ष संपल्यावर आठ महिन्यांच्या आत द्यायचा असतो. तोवर कमी झालेला माणूस दुसरीकडे चिकटलेला असतो. दिवाळीत जुन्या कंपनीत बोनस वाटला गेल्याचे त्याला कळते, पण त्यात आपलाही वाटा होता हे त्याच्या ध्यानात येत नाही.

ऐंशी दिवसांची पायरी मातृत्व लाभाची आहे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम केलेली स्त्री पगारी रजेला पात्र असते. पहिल्या दोन अपत्यांसाठी २०१७ पासून ही रजा सव्वीस आठवड्यांची आहे. या रजेच्या काळात तिला कामावरून काढणे बेकायदा आहे. गरोदर असल्याचे कळल्यावर "आता प्रोबेशन वाढवत नाही" असे सांगून लाभ चुकवणे हेही कायद्याला मान्य नाही.

या विषयातला सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निकाल फार महत्त्वाचा आहे. दिल्ली महापालिकेत रोजंदारीच्या हजेरीपटावर बांधकामाची अंगमेहनत करणाऱ्या स्त्रियांना पालिका मातृत्व लाभ नाकारत होती. त्या कायम नाहीत, एवढेच तिचे कारण होते. न्यायालयाने ते फेटाळले. पुढे २०२३ मध्ये दिल्लीच्याच एका कंत्राटी डॉक्टरचा प्रश्न आला. तिची नेमणूक ठरावीक मुदतीची होती आणि रजा सुरू होताच काही दिवसांत ती मुदत संपत होती. मुदत संपली तरी लाभाचा उरलेला काळ संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. करार संपतो, करार चालू असताना निर्माण झालेला हक्क मात्र मागे उरतो.

दोनशे चाळीसचा जन्म

मुंबईच्या कापड गिरण्यांत 'बदली' नावाचा एक वर्गच होता. सकाळी दारावर येऊन उभे राहायचे, कोणी कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या जागी आत जायचे, नाहीतर परत फिरायचे. १९३५ मध्ये गिरणीमालकांच्या संघटनेने या बदल्यांना कार्डे देऊन त्यांची यादी ठरवायला सुरुवात केली. तरी वर्षानुवर्षे काम करून बदली बदलीच राहायचा. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपातही बदली कामगारांना कायम करण्याची मागणी होती.

नोकरी जाण्यावर भरपाई हवी, ही कल्पना कायद्यात १९५३ मध्ये आली, तीही कापड गिरण्यांच्या निमित्ताने. माल साचला होता, पाळ्या बंद होण्याच्या बेतात होत्या, हजारो कामगार बाहेर फेकले जाणार होते. सरकारने ऑक्टोबरमध्ये वटहुकूम काढला आणि नंतर औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफ (काम नसल्याने तात्पुरते घरी बसवणे) आणि कपातीचे नवे प्रकरण घातले. एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला कमी करायचे असेल, तर कारणासह एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन, हा नियम तेव्हा घडला. आजच्या संहितेतही तो जवळपास त्याच शब्दांत आहे.

मग 'एक वर्ष सलग सेवा' म्हणजे काय, हा प्रश्न उभा राहिला. १९६४ च्या दुरुस्तीने त्याचे उत्तर पक्के केले. कमी केल्याच्या तारखेपासून मागे बारा महिने मोजायचे. त्यांत दोनशे चाळीस दिवस प्रत्यक्ष काम झाले असेल, तर ती एक वर्षाची सलग सेवा मानायची. खाणीत जमिनीखाली काम करणाऱ्यासाठी हाच आकडा एकशे नव्वद. नोकरीला बारा महिने पूर्ण व्हायलाच हवेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० नंतरच्या निकालांत स्पष्ट केले. नऊ-दहा महिन्यांतही वर्ष 'भरू' शकते.

दिवस कोणते धरायचे, यावर १९८५ चा अमेरिकन एक्स्प्रेस बँकेचा निकाल आजही दाखला म्हणून दिला जातो. बँकेने एका टंकलेखक-कारकुनाला मधूनमधून खंड देत साधारण वर्षभर राबवले आणि मग कमी केले. बँकेच्या हिशेबाने दिवस भरत होते २२०. रविवार आणि पगारी सुट्ट्या धरल्या तर आकडा २७५ वर जात होता. न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी निर्वाळा दिला की ज्या दिवसाचा पगार मालकाने दिला आहे, तो दिवस कामाचाच धरला पाहिजे. पगारी रजा, ले-ऑफचे दिवस, कामावर झालेल्या अपघातामुळे घरी बसावे लागलेले दिवस आणि मातृत्व रजा हेही मोजणीत येतात. न सांगता मारलेली दांडी येत नाही.

आता पैशांत पाहू. समजा, एखाद्या कारखान्यात अठरा हजार रुपये वेतनावर काम करणाऱ्याला दहा महिन्यांनी जागा कमी करायच्या म्हणून काढले. त्याचे दिवस दोनशे चाळीसच्या वर आहेत. नोटीस दिली नसेल तर महिन्याचा पगार, अठरा हजार. भरपाई पंधरा दिवसांची, म्हणजे नऊ हजार. संहितेने भर घातलेला पुनर्कौशल्य निधी आणखी पंधरा दिवसांच्या शेवटच्या वेतनाइतका, म्हणजे पुन्हा नऊ हजार. तो कपातीनंतर पंचेचाळीस दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचा असतो. एकूण छत्तीस हजार रुपये. केलेल्या दिवसांचा पगार, शिल्लक रजेचे पैसे आणि बोनस याहून निराळे. वर्षसुद्धा न झालेल्या नोकरीमागे दोन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम निघते, आणि मागितली नाही तर यातला बराचसा भाग मिळत नाही.

यातली भरपाई सावकाश दिली तर चालेल का? या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाच्या खटल्यातून आले. तिथल्या दोन वॉर्ड सेविकांना भरपाई न देता कमी केले होते. १९६० मध्ये न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिलेल्या निकालात म्हटले, की भरपाई ही कपातीच्या आधी पुरी करायची अट आहे. ती पुरी झाली नसेल तर कपातच अवैध. आज काढतो आणि पैसे मागाहून बघू, या पद्धतीला त्या निकालाने कायदेशीर जागा ठेवली नाही.

मोजणीला दिलेली बगल

कायदा दिवस मोजतो म्हटल्यावर मालकही मोजू लागले. दोनशे तीस दिवस झाले की 'ब्रेक' द्यायचा, पंधरा दिवसांनी पुन्हा घ्यायचे, नव्या नावाने किंवा नव्या कंत्राटदाराच्या खात्यावर. औद्योगिक वसाहतींत काम केलेल्या कोणालाही हा ब्रेक काय असतो ते सांगावे लागत नाही.

कायद्याने याला दोन बाजूंनी उत्तर दिले. कायमपणाचे लाभ मिळू नयेत या हेतूने माणसांना वर्षानुवर्षे बदली, रोजंदार किंवा तात्पुरते म्हणून राबवणे ही अनुचित कामगार प्रथा ठरवली गेली. महाराष्ट्राने तर ती आपल्या १९७१ च्या स्वतंत्र कायद्यात घातली. तो कायदा ८ सप्टेंबर १९७५ पासून लागू झाला, आणि अशा प्रथेविरुद्ध कामगाराला स्वतः न्यायालयात तक्रार करता येऊ लागली. तक्रारीची मुदत मात्र नव्वद दिवसांची, आणि अनेकांची प्रकरणे तिथेच अडली. राज्याच्या आदर्श स्थायी आदेशांतही, म्हणजे सेवाशर्तींच्या नमुना नियमांतही, एक कलम होते. बारा महिन्यांत दोनशे चाळीस दिवस अखंड सेवा झालेल्या बदली किंवा तात्पुरत्या कामगाराला कायम करावे, असे ते सांगत असे. गिरणीच्या दारावरच्या माणसाला कायद्याने दिलेले ते एक उत्तर होते.

दुसरीकडे मालकांनाही कायद्यात वाट मिळाली. 'कपात' या शब्दाचा अर्थ सुरुवातीला अरुंद होता. बार्शी लाईट रेल्वे सरकारने १ जानेवारी १९५४ ला ताब्यात घेतली, तेव्हा जुन्या कंपनीच्या कामगारांनी भरपाई मागितली. चालू उद्योगातले जास्तीचे कामगार कमी करणे म्हणजेच कपात, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आणि त्यांचा दावा गेला. त्यानंतर संसदेने १९५७ मध्ये उद्योग बंद होण्यासाठी आणि मालक बदलण्यासाठी स्वतंत्र भरपाईची कलमे घातली. पुढे १९७६ मध्ये स्टेट बँकेच्या एका तात्पुरत्या कर्मचाऱ्याच्या खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी अर्थ एकदम विस्तारला. नेमणूकपत्रातच शेवटची तारीख लिहिलेली होती, ती आली आणि नोकरी संपली. तरीही ती कपातच, असे ते म्हणाले. १९९० मध्ये घटनापीठाने हा व्यापक अर्थ कायम केला.

पण तोवर संसदेने १९८४ च्या दुरुस्तीने त्याला अपवाद जोडला होता. मुदतीचा करार पुढे चालू न ठेवणे, किंवा करारातल्या अटीप्रमाणे नोकरी संपवणे, याला कपात म्हणायचे नाही. आजच्या संहितेतही हा अपवाद आहे. म्हणून ठरावीक मुदतीच्या पत्रावर घेतलेल्या माणसाला मुदत संपल्यावर कपातीची भरपाई मागता येत नाही. त्याच्या बदल्यात नव्या संहितांनी त्याला दोन गोष्टी दिल्या आहेत: तेच काम करणाऱ्या कायम कामगाराइतके वेतन आणि सोयी, आणि एक वर्ष पूर्ण केल्यास ग्रॅच्युइटी. इतरांना ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षे लागतात. पाचव्या वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की ते वर्ष पूर्ण धरावे, अशी भूमिका मद्रास उच्च न्यायालयाने घेतली आहे.

प्रोबेशनचा बागुलबुवा

"तुम्ही प्रोबेशनवर होता" हे वाक्य ऐकून बहुतेक जण वाद सोडून देतात. १९७३ च्या डिसेंबरमध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या दिल्ली डेपोत सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर लागलेल्या एका विक्रेत्याने तो सोडला नाही. ऑक्टोबर १९७४ मध्ये, साडेदहा महिन्यांनी, त्याला अयोग्य ठरवून कमी केले. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. दिवस दोनशे चाळीसवर गेले होते, नोटीस आणि भरपाई दिली नव्हती, म्हणून ती कपात बेकायदा ठरली.

१९८४ च्या अपवादानंतर चित्र थोडे पालटले. १९९४ मध्ये आयुर्विमा महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, की प्रोबेशनच्या अटीनुसार झालेली समाप्ती या अपवादात बसू शकते. तेव्हा आज प्रोबेशनवरच्या माणसाचे भवितव्य त्याच्या पत्रातल्या अटीवर बरेचसे अवलंबून असते. मुदत किती होती, ती लेखी वाढवली का, मुदत उलटून गेल्यावर मालकाने काम करून घेतले का, हे पाहिले जाते.

एक गोष्ट मात्र अपवादानेही बदललेली नाही. अपेक्षित दर्जाचे काम झाले नाही म्हणून साध्या शब्दांत प्रोबेशन संपवणे वेगळे, आणि चोरी, उद्धटपणा, खोटेपणा असे आरोप ठेवून हाकलणे वेगळे. आरोप असेल तर त्याची चौकशी हवी आणि माणसाला बाजू मांडायची संधी हवी. पत्र गोड शब्दांत लिहिले तरी न्यायालय त्यामागचे खरे कारण शोधू शकते. १९७४ मध्ये पंजाबातील न्यायिक अधिकाऱ्यांच्या प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने ते करून दाखवले होते.

कामगार कोण?

हे सगळे संरक्षण 'कामगारा'ला आहे, आणि ही व्याख्या हुद्द्यावर ठरत नाही. 'असिस्टंट मॅनेजर' म्हणवणारा दिवसभर संगणकावर बिले भरत असेल आणि त्याच्या हाताखाली कोणी नसेल, तर तो कायद्याने कामगार ठरू शकतो. व्यवस्थापनाचे किंवा प्रशासनाचे काम करणारे बाहेर राहतात. देखरेख करणाऱ्यांसाठी वेतनाची मर्यादा आहे. ती जुन्या कायद्यात दहा हजार होती, संहितेत अठरा हजार आहे. गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षकांना या व्याख्येबाहेर ठेवले. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या शिक्षकांसाठी १९७७ चा वेगळा कायदा आणि शाळा न्यायाधिकरण आहे. जे कुठल्याच चौकटीत बसत नाहीत, त्यांच्या हाती करार उरतो आणि त्यांना साधारणपणे नोटिशीच्या काळाच्या पगारापुरतीच नुकसानभरपाई मिळते.

दोनशे चाळीस न भरलेल्या कामगारासाठीही एक दार उघडे आहे. कपात झालेल्या जागेवर मालक पुन्हा माणसे घेत असेल, तर आधी काढलेल्यांना बोलवावे, असा नियम आहे. हा नियम फक्त वर्ष भरलेल्यांपुरता नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सेंट्रल बँकेच्या खटल्यात सांगितले. संहितेने या हक्काला कपातीनंतर एक वर्षाची मर्यादा घातली आहे. म्हणून "मंदी आहे" म्हणून काढलेल्या कंपनीची पुढची भरतीची जाहिरात जपून ठेवावी.

जिंकल्यावर काय मिळते

जुन्या निकालांत बेकायदा कपात ठरली की पुन्हा नोकरी आणि मागील सगळा पगार, असा सरळ हिशेब असे. थोड्या दिवसांच्या रोजंदारीबाबत न्यायालये आता तसे करीत नाहीत. २०१० मध्ये भोपाळच्या दूरसंचार खात्यातील रोजंदार कामगारांना पुनर्नियुक्तीऐवजी प्रत्येकी चाळीस हजार रुपये दिले गेले. दुसरीकडे २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्या एका प्राथमिक शाळेतील शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की बडतर्फी चुकीची ठरली तर मागील वेतनासह पुनर्नियुक्ती हाच सर्वसाधारण नियम. फरक नोकरीच्या स्वरूपाचा आहे. नियमित जागेवर, रीतसर नेमणुकीने लागलेल्याचे पारडे जड. कधीमधी बोलावल्या जाणाऱ्याला बहुधा एकरकमी भरपाई. खटल्यात उतरण्याआधी हे ओळखून घेतले, तर समेटाच्या टेबलावर किती मागायचे ते कळते.

पुरावा कोणाचा

दोनशे चाळीस दिवस काम केले हे सिद्ध करण्याची जबाबदारी कामगाराची आहे, आणि नुसते प्रतिज्ञापत्र त्यासाठी पुरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले. २००५ च्या निकालाने त्याची धार थोडी बोथट केली. रोजंदाराकडे नेमणूकपत्रही नसते आणि पगाराची पावतीही. म्हणून त्याने साक्ष द्यावी आणि मालकाकडचा हजेरीपट व पगारपत्रक न्यायालयात मागवून घ्यावे. मालकाने ते दडवले तर न्यायालय परिस्थिती पाहून त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकते. पण या वाटेला वर्षे लागतात.

त्यापेक्षा नोकरी चालू असतानाच कागद जमवणे स्वस्त पडते. दर महिन्याची पगारचिठ्ठी, बँक खात्यातल्या पगाराच्या नोंदी, भविष्य निर्वाह निधीचे ऑनलाइन पासबुक, ईएसआयसीचा क्रमांक, हजेरीच्या ॲपचे स्क्रीनशॉट, पाळीचे वेळापत्रक, मुकादमाने पाठवलेले "उद्या पहिल्या पाळीला ये" हे व्हॉट्सॲप संदेशसुद्धा. कंपनीचा ईमेल नोकरी सुटताच बंद होतो, म्हणून नेमणूकपत्र आणि प्रोबेशनची पत्रे आधीच स्वतःकडे घ्यावीत. कंत्राटदारामार्फत काम असेल तर मुख्य कंपनीचे ओळखपत्र आणि गेटपास जपावेत; कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते.

मुदतीही पाहाव्यात. जुन्या कायद्यात कामगार तीन वर्षांच्या आत थेट कामगार न्यायालयात जाऊ शकत होता. नव्या संहितेत समेट अधिकारी दोन वर्षांपेक्षा जुना वाद हाती घेऊ शकत नाही. कामगार आयुक्त कार्यालयात पहिला अर्ज करायला वकील लागत नाही. तारखा, पद, पगार, शेवटचा दिवस आणि मागणी एवढे लिहिले तरी अर्ज होतो.

या सगळ्यावर पाणी फिरवणारा एक कागद मात्र कामगार स्वतःच्या हाताने देतो. तो म्हणजे राजीनामा. "टर्मिनेशन रेकॉर्डवर आलं तर पुढे नोकरी मिळणार नाही, त्यापेक्षा राजीनामा द्या" हा सल्ला प्रेमाने दिला जातो. स्वखुशीने सोडलेली नोकरी कपात ठरत नाही. त्या सहीबरोबर नोटिशीचा पगार जातो, भरपाई जाते, पुनर्कौशल्याची रक्कम जाते आणि पुन्हा बोलावले जाण्याचा हक्कही जातो. राजीनामा दिला नाही आणि तोंडी "उद्यापासून येऊ नका" म्हटले, तर नंतर कंपनी "तोच यायचा बंद झाला" असे म्हणू शकते. म्हणून दुसऱ्या दिवशी नोंदणीकृत टपालाने किंवा ईमेलने दोन ओळी पाठवाव्यात: मी कामावर हजर राहायला तयार आहे, मला गेटवर अडवले, लेखी आदेश द्यावा. थोड्या दिवसांच्या नोकरीत कायद्याने दिलेले बरेच काही या दोन ओळींवर आणि न केलेल्या एका सहीवर टिकते.